पांढरीवरचे उस्ताद आणि काळीवरची घरे

वऱ्हाडात गाव पांढरीवर असते आणि शेत काळीत. कुणी कायदा केला नव्हता, पण आपले पूर्वज हे पाळत आले. पांढरी म्हणजे गावठाणाची माती. ती काळीसारखी पावसात फुगत नाही आणि उन्हात आकसत नाही. तिच्याच भिंती, तिच्याच विटा, धाब्यावरही तीच. अकोटच्या जुन्या मोहल्ल्यांत फिरलात तर शंभर वर्षे उभ्या असलेल्या मातीच्या भिंती अजून दिसतात. ज्या उस्तादांनी त्या उभ्या केल्या, त्यांना आपल्या पायाखालची माती ठाऊक होती.

आता गाव पांढरीत मावत नाही. अकोला रोड, हिवरखेड रोड, अंजनगाव रोड, पोपटखेड रोड, ज्या दिशेने जाल तिकडे कालपर्यंत कपाशी होती आणि आज लेआऊट आहेत. प्लॉट काळीत पडले, घरे काळीत आली. बांधणारे हात मात्र पांढरीवरच शिकलेले आहेत. बापाकडून मुलाने, उस्तादाकडून शागिर्दाने घेतलेली विद्या तीच राहिली आणि तिच्याखालची जमीन बदलली. या अंकाचे संपादकीय मी त्याबद्दल लिहितो आहे, कारण हे हात मोठ्या संख्येने आपल्या घरांतले आहेत.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. ही हालचाल जमिनीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाणवू शकते. पाया त्या थरातच संपला तर घर दरवर्षी थोडे वर जाते, थोडे खाली येते, आणि सगळीकडे सारखे नाही. एका कोपऱ्याला नळाचे पाणी मुरत असेल तर तो कोपरा फुगलेला आणि बाकीचे घर आकसलेले. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. घरमालक पुट्टी भरतो, पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा उघडते. यावर उपाय आहेत आणि ते नवे नाहीत. मुरूम लागेपर्यंत खोल जाणे, ते परवडत नसेल तर खाली फुगीर गाठ असलेले अंडर-रीम्ड पाइल घेणे, प्लिंथमध्ये खोदलेली काळी माती परत न टाकता मुरूम भरणे, घराभोवती पाणी मुरणार नाही अशी फरसबंदी करणे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइलवर काम करून कित्येक दशके झाली, त्याचे भारतीय मानकही आहे. पण रुडकीहून अकोटच्या साइटपर्यंत ते ज्ञान आणायचे कुणी?

मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या इंजिनिअरला त्याची कंपनी प्रशिक्षणाला पाठवते. पगार चालू असतो, वर चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र. डॉक्टरांना नोंदणी टिकवायला नवे शिकत राहावे लागते, वकिलांच्या कार्यशाळा होतात. आपल्या मिस्त्रीला पाठवणारा कोणी नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले की मुस्लिम कामगारांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण इतर समाजगटांपेक्षा जास्त आहे. आपण हा आकडा गरिबी आणि भेदभाव यांच्या संदर्भात वाचतो, ते बरोबरच आहे. पण त्याचा आणखी एक अर्थ निघतो. ज्याचा मालक तो स्वतःच, त्याच्या शिक्षणाचा खर्चही त्याचाच आणि बुडालेला दिवसही त्याचाच.

माझे मामू चाळीस वर्षे हे काम करतात. आधी बिगारी, मग मिस्त्री, आता छोटे ठेके घेतात. मी त्यांच्यापुढे प्रशिक्षणाचा विषय काढला तेव्हा ते रागावले नाहीत, हसले. "बेटा, एक दिन की हाजरी गई तो हप्ता टूटता," म्हणाले. मग त्यांनी दिवस मोजून दाखवला. सकाळी सातला ठिय्यावर दोन माणसे कमी पडली तर शोधायची. आठला काम सुरू. दहाला रेतीचा ट्रॅक्टर येणार म्हणून सांगितलेला, तो येतो साडेअकराला. मधे दुसऱ्या साइटवर सेंट्रिंगवाला अडला म्हणून मोटरसायकलने धावायचे. दुपारी घरमालकीणबाई किचनचा ओटा सहा इंच सरकवायला सांगतात. संध्याकाळी सिमेंटच्या दुकानदाराची उधारी, आणि बाजाराच्या आदल्या रात्री सगळ्यांचा हप्ता. यात शाळा कुठे बसवायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. जे लोक 'वेळ काढायला हवा' असे व्याख्यान देतात, त्यांनी एकदा स्लॅबच्या दिवशी मिक्सरपाशी उभे राहून पाहावे.

तरीही मी त्यांच्याशी वाद घातला, कारण त्यांना जे येते त्यातले बरेच आज चालत नाही. यात त्यांची काही चूक नाही. सामानच बदलले आहे.

सिमेंटचेच घ्या. मामू शिकले तेव्हा साधे पोर्टलँड सिमेंट चालायचे. आज दुकानातून येणारी बॅग बहुतेक वेळा पीपीसीची असते, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेली. मानकाप्रमाणे ही राख १५ ते ३५ टक्के असू शकते. हे सिमेंट वाईट नाही, उलट पुढे जाऊन चांगले टिकते. पण ते सावकाश ताकद धरते, म्हणून त्याला तराई जास्त दिवस लागते. 'सात दिवस पाणी मारले की झाले' हा उस्तादांचा नियम साध्या सिमेंटसाठी होता. आयएस ४५६ हे काँक्रीटचे आपले मूळ मानक सांगते की राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस हवेत आणि कोरड्या उष्ण हवेत चौदा दिवसांपर्यंत पाणी द्यावे. कोरडी उष्ण हवा म्हणजे काय ते अकोल्याच्या माणसाने कुणाला विचारायची गरज नाही. चाळीस अंशांच्या वर काँक्रीट करायचे तर त्यासाठी वेगळे मानक आहे. आपल्याकडे एप्रिल-मेची जवळजवळ प्रत्येक दुपार त्या वेगळ्या मानकात बसते, आणि नेमके त्याच दोन महिन्यांत, पावसाच्या आधी, सगळ्यांना स्लॅब उरकायचे असतात.

बॅगेत पाणी किती घालायचे, हाही तसाच मुद्दा. लोखंडी सळ्यांच्या साध्या कामाला पन्नास किलोच्या बॅगेमागे साडेसत्तावीस लिटरच्या वर पाणी जाऊ नये, असे त्याच मानकाच्या हिशेबाने निघते, आणि त्यात ओल्या रेतीतले पाणीही धरायचे. साइटवर बादली मोजत कोण बसतो? मसाला घमेल्यातून सरसर पडला पाहिजे, म्हणून पाणी वाढते. ते जादा पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. स्लॅब गळतो तेव्हा दोष सिमेंट कंपनीला जातो.

पाण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण हा खास आपला प्रश्न आहे. अकोट शहर सातपुड्याच्या पायथ्याकडच्या बाजूला आहे, पण तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जातो. तिथे बोअरचे पाणी खारट, म्हणून तर वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेडी योजनेचे पाणी आणावे लागले. माणसे वानचे पाणी पितात आणि घर मात्र बोअरचे पाणी पिते. योजनेचे पाणी बांधकामाला मिळत नाही, टँकर महाग पडतो, आणि बोअर अंगणातच असते. आता या पाण्यातल्या क्षाराचे काय होते ते पाहा. काँक्रीटच्या आत सळीवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. क्लोराइड तो थर फोडते आणि सळी गंजू लागते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून दाब देतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी स्लॅबच्या खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटून खाली पडते. कधी पाळण्यावर, कधी जेवणाच्या ताटावर.

आयएस ४५६ प्रमाणे सळीच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. बिनसळीच्या कामाला २००० पर्यंत चालते. आणि पिण्याच्या पाण्याचे मानक? दुसरा स्रोत नसेल तर तिथे १००० पर्यंत सूट आहे. म्हणजे 'पिता येते ना, मग बांधकामाला काय हरकत' ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कसोटी खारपाणपट्ट्यात फसू शकते. जिभेला सवय झालेले पाणी सळीला मारक असू शकते. मामूंना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "मोजायचे कुठे?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. चाळीस वर्षांच्या उस्तादाला शिकायचे नसते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न ऐकायला हवा होता.

शिकवण्याची सोय अगदीच नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यात राजमिस्त्री आहे. नाव विश्वकर्मा म्हणून ती आपल्यासाठी नाही, असा समज काही मोहल्ल्यांत आहे. तो चुकीचा आहे. अट हाताच्या कामाची आहे, धर्माची किंवा जातीची नाही. नोंदणी सेतू किंवा सीएससी केंद्रावर होते, एका कुटुंबातून एकालाच. पाच ते सात दिवसांचे, चाळीस तासांचे मूलभूत प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. पुढचे प्रशिक्षण पंधरा दिवसांचे. कागदावर चांगले आहे. पण अकोटात चांगल्या मिस्त्रीची हाजरी पाचशेच्या बरीच वर आहे, आणि ठेकेदार आठवडाभर साइटवर नसेल तर त्याच्यासोबत आठ-दहा माणसांची चूल थंडावते. त्यात प्रशिक्षण अकोल्याला असेल तर जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. २०२२ मध्ये गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा जुना पूल तडा गेल्याने बंद झाला, तेव्हा अकोला किती लांब होऊ शकते हे आपण पाहिले आहे. लोक किटसाठी नोंदणी करतात, किट घेतात, आणि शिकणे मागे राहते. मी त्यांना दोष देत नाही. पंधरा हजारांची अवजारे दिसतात, चाळीस तास दिसत नाहीत.

पूर्वअनुभवाला मान्यता देणारी एक पद्धत कौशल्य योजनांत आहे. आरपीएल म्हणतात तिला. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला पुन्हा पहिलीत न बसवता थोडे शिकवून, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचे. कल्पना उत्तम. मात्र प्रमाणपत्र देऊन झाले की विषय संपतो, आणि मी ज्याबद्दल लिहितो आहे ते शिकणे संपणारे नाही. उद्या सिमेंट पुन्हा बदलेल, विटांच्या जागी ब्लॉक येतील. पारसच्या राखेच्या विटा आल्या तेव्हा किती जणांनी त्या मातीच्या विटांसारख्याच वापरल्या, आणि प्लास्टर का तडकते म्हणून डोके खाजवत बसले, ते आठवा.

मला सगळ्यांत पटलेली पद्धत ग्रामीण घरकुलाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण आखले आहे आणि ते वर्गात होत नाही. कुणाचे तरी खरे घरकुल बांधत बांधत होते. पाया खोदताना पाया शिकायचा, स्लॅब टाकताना स्लॅब. शेवटी एक कुटुंब घरात राहायला जाते आणि काही गवंडी तयार होतात. पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेने 'कुशल' नावाने असेच साइटवर जाऊन शिकवण्याचे काम केले. काम थांबवून शिकवणे आणि कामात शिकवणे यातला फरक यांना कळला होता.

महाराष्ट्रात हे एकदा मोठ्या प्रमाणावर झाले, तेही मृत्यूनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडांखाली मेली. भिंती दोन-दोन फूट जाड होत्या, पण आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. पुनर्वसनात लातूर-उस्मानाबादच्या गवंड्यांना शिकवले गेले की भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड, किंवा तिथे ओतलेली काँक्रीटची कांडी, दोन्ही थर धरून ठेवते. एवढीशी गोष्ट, आणि ती शिकायला एवढी किंमत.  खारे पाणी आणि काळी माती एका पहाटेत मारत नाहीत, पंधरा वर्षे घेतात, म्हणून त्यांच्यावर आयोग बसत नाही.

पैसा नाही म्हणून हे होत नाही, असेही नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागला आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात नोंदवले की देशभरात ३७ हजार ४०० कोटींहून जास्त जमा झाले होते आणि खर्च झाले होते सुमारे साडेनऊ हजार कोटी. ब्रिटनमध्ये १९६४ पासून बांधकाम कंपन्यांवर प्रशिक्षणासाठीच वेगळी वर्गणी आहे. फार लहान ठेकेदाराला ती भरावी लागत नाही, तरी त्याला प्रशिक्षणासाठी अनुदान मागता येते. म्हणजे मोठ्याच्या पैशाने छोट्याची माणसे शिकतात. आपल्या मंडळात नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यावर नोंदणी होते, आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक पात्र माणसाने ती करावीच. पण पेटी आणि भांडी मिळाली की आपण घरी येतो. साइटवर येणारा शिक्षक द्या, ही मागणी मी तरी अकोटात कुणाच्या निवेदनात वाचलेली नाही. यंदा ती आपण लिहू.

निवेदनाचे उत्तर येईपर्यंत काय करायचे? मामूंच्या दिवसात मी जागा शोधत होतो आणि ती मला दिवसात नाही, वर्षात सापडली.

वऱ्हाडातल्या बांधकामाला स्वतःचे पंचांग आहे. दिवाळीनंतर काम चढते ते मृगापर्यंत. पाऊस लागला की काळीतल्या प्लॉटवर जेसीबी रुतते, पायाची कामे थांबतात, आतली प्लास्टर-फरशी तेवढी चालते. मग पोळा, गणपती, आणि त्यानंतर पितृपक्षाचे पंधरा दिवस. हिंदू घरमालक त्या पंधरवड्यात नवे काम सुरू करत नाहीत. मिस्त्री कोणत्याही धर्माचा असो, तो रिकामा बसतो. चाळीस तासांचे प्रशिक्षण बसवायला वर्षात याच्याहून चांगली जागा नाही. सरकारी योजनेची तुकडीही याच काळात अकोटलाच लावा, असे आपण आयटीआयला आणि जिल्हा उद्योग केंद्राला आताच जाऊन सांगितले तर ते अशक्य नाही. नोंदणी झालेल्या वीस-पंचवीस मिस्त्रींची यादी हातात असेल तर कचेरीतला माणूसही ऐकतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे त्याचे गणित पक्के नसते, पण त्या महिन्यात बऱ्याच साइटवर काम लवकर सुरू होऊन जोहरपर्यंत आटोपते. रोज्यात दुपारी कुणाला वर्गात बसवू नका. तरावीहनंतर मात्र मोहल्ला जागा असतो, आणि चहाच्या टपरीवर तासभर जातोच.

आणि जुम्मा आहेच. नमाजनंतर साइट पुन्हा लागायला वेळ लागतो, कुणी जेवायला गेलेले असते, कुणी उशिरा येते. या ढिल्या वेळेतला एक तास धरा. वर्षाचे कामाचे आठवडे चाळीस धरले तर चाळीस तास झाले, योजनेच्या मूलभूत प्रशिक्षणाइतकेच, आणि एकही हाजरी न बुडवता. जुम्म्याला जमत नसेल तर रोज काम सुरू होताना दहा मिनिटे. मोठ्या कंपन्यांत याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. सगळे अवजारांपाशी उभे राहतात आणि आज जे काम आहे तेवढ्याबद्दलच बोलतात. कॉलम भरायचा आहे, तर कव्हर ब्लॉक किती जाडीचा? कॉलमला चाळीस मिलिमीटर, फुटिंगला पन्नास. संपले, कामाला लागा. दहा माणसांची दहा मिनिटे ठेकेदाराच्या खिशातून जातात, हे खरे. एक भिंत पाडून पुन्हा बांधायला किती जातात, ते ठेकेदार मला जास्त चांगले सांगू शकतील.

सिमेंट कंपन्यांच्या मिस्त्री मेळाव्यांबद्दलही विचारणा होते. जावे. जेवण चांगले असते. तिथे आलेल्या त्यांच्या तांत्रिक माणसाला बाजूला घेऊन खाऱ्या पाण्याबद्दल विचारावे. काही कंपन्यांची फिरती प्रयोगशाळा असते, ती साइटवर बोलवावी, क्यूब टाकून घ्यावेत. टी-शर्ट घेऊन परत यायचे की उत्तर घेऊन, हे आपल्या हातात आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ मी वाईट म्हणणार नाही, पोरे त्यावर टाइल आणि पीओपी झकास शिकली आहेत. पण ते व्हिडिओ बनवणाऱ्याच्या पायाखाली आपली काळी नसते.

आता तुमच्याशी, म्हणजे हे वाचणाऱ्या तरुणांशी. तुमच्यापैकी कित्येकांचे अब्बा, चाचा, मामू याच कामात आहेत. त्यांनी ओट्यावर, विटांवर तुमची फी भरली. तुम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केला, पुण्याला किंवा संभाजीनगरला साइट सुपरवायझर झालात. तिथे परक्या गवंड्याला कव्हर ब्लॉक लावायला सांगता आणि ईदला घरी आल्यावर अब्बांच्या साइटवर जात नाही. मानके इंग्रजीत आहेत, योजनेची पुस्तिका सरकारी मराठीत, आणि साइट चालते आपल्या घरच्या बोलीत, जिच्यात तराई, चुनाई, सरिया आणि ओळंबा एकाच वाक्यात येतात. या तिन्ही भाषा येणारी आपल्या समाजातली पहिली मोठी पिढी तुमची आहे. दोन पानांत काळीवरचा पाया, दोन पानांत पाणी, दोन पानांत तराई, असे सोप्या मराठीत आणि उर्दूत लिहून द्या, आम्ही या अंकांतून छापू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज रेकॉर्ड करा. इंजिनिअरकडून तपासून घ्या, मनाने काही घालू नका.

एक गोष्ट सांभाळा. अब्बांना बिगाऱ्यांसमोर चूक दाखवू नका. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला म्हणतात, त्यांच्याकडे त्याचा अर्थ उस्ताद असाच होतो. उस्तादाला चारचौघांत शिकवले तर तो शिकत नाही, लढतो. घरी, जेवण झाल्यावर, प्रश्न विचारल्यासारखे विचारा. त्यांच्याकडूनही घ्या. मुरूम लागला की नाही हे ते सब्बलीच्या आवाजावरून सांगतात, तुमच्या डिप्लोमात ते नव्हते.

आणि साइटवर डोक्यावर घमेले घेऊन चढणाऱ्या बायकांना या तासातून वगळू नका. वीस वर्षे रेजा म्हणून राबलेल्या बाईच्या हातात थापी कुणी देत नाही, कारण तिला ती कुणी शिकवली नाही. झारखंडमध्ये गावोगावी शौचालये बांधायची वेळ आली तेव्हा बायका गवंडीकाम शिकल्या, त्यांना राणी मिस्त्री म्हणू लागले. आपल्या मोहल्ल्यातही हे होऊ शकते. त्यासाठी आधी हाजरीतला फरक कमी करायला तयार असलेला ठेकेदार लागेल, आणि असे फार नाहीत, हेही मला माहीत आहे.

सुरुवात पाण्यापासून करू. तालुक्याच्या दक्षिणेकडे ज्यांची साइट चालू आहे त्यांनी बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. स्वच्छ एक लिटरची बाटली घ्या, आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा खळखळून टाका. बोअर पाच मिनिटे चालू ठेवून मग काठोकाठ भरा. बाटलीवर गाव, प्लॉट नंबर आणि तारीख लिहा. अर्जावर 'क्लोराइड' हा शब्द स्पष्ट लिहायचा आणि पाणी बांधकामासाठी आहे हेही, नाहीतर पिण्यासाठी योग्य असा शेरा मारून कागद परत येईल. आकडा ५०० च्या आत आला तर काम चालू ठेवा. वर आला तर त्या पाण्यात सळीचे काँक्रीट करू नका आणि त्याची तराईही करू नका, निदान कॉलम, बीम आणि स्लॅबपुरता टँकर बोलवा. घरमालकाला तो खर्च कसा पटवायचा, हा पुढच्या जुम्म्याच्या तासाचा विषय.